बेट बाहेरून कसं दिसतं

मंगळवार, ३ मार्च

थोरल्या,

आधी आली ती बसवाली. ती बस चालवते हे मागाहून कळलं म्हणा, तेव्हा नुसती एक पिवळीजर्द शेंग दिसली. मी धक्क्याच्या पायरीवर बटाटे सोलत बसले होते, आणि समुद्राच्या बाजूने ही शेंग नदीत शिरून सरळ माझ्याकडे यायला लागली. लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, आणि मधोमध एक बाई कमरेपर्यंत खोचलेली. हातात एकच वल्हं, पण त्याला दोन्हीकडे पाती. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, जसं काही पाण्याला थोपटून निजवतेय.

"आजी, प्यायला पाणी मिळेल का?"

मी म्हटलं, "एवढ्या पाण्यात बसून पाणी मागतेस?"

तर ती अशी हसली की शेंग डुगडुगली. तेवढ्यात मागून दुसरी आली, लाल, जरा जास्त लांब, तिच्यात दोन जागा. मागच्या जागेवर एक दाढीवाला आणि पुढची जागा रिकामी. तो हिचा भाऊ, शहरात दातांचा डॉक्टर आहे. त्याची बायको यायची होती, पण निघायच्या आदल्या दिवशी तिचं मनगट मुरगळलं. कयाक म्हणतात त्या बोटीला. मी शेंगच म्हणते, आणि आता तेही म्हणायला लागलेत.

बेकरीवाली पिठाच्या हातांनीच धावत आली. तुझी बातमीदार. तिने तुला आजच फोन केला असणार, तरी माझ्याकडून ऐक, तिच्या बातमीत मीठ जास्त असतं.

तू म्हणशील, आज हिने पत्र कसं काय लिहिलं. हिवाळ्यात माझ्या होडीला साखळी घालून गेलास तेव्हापासून मी तुला ओळ लिहिली नाही, आणि फोन आला की नुसतं हं हं करते. करणार काय? तू गोळी घेतलीस का, दार लावलंस का एवढंच विचारतोस, आणि मी सांगायला तोंड उघडलं की तुझं कुणीतरी लिफ्टमध्ये अडकलेलं असतं. पत्रात कुणाला मधे बोलता येत नाही. चौथीपर्यंत शिकले त्याचा तेवढा तरी फायदा.

तर हे बहीणभाऊ बेटाला फेरी मारायला निघालेत. सगळा किनारा, मग नदी, मग मधलं तळं. सलग नाही, सुट्टी मिळेल तसं तुकड्या-तुकड्याने. उत्तरेची बाजू झाली म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि विचारलं, काय काय बघितलंत? तर बसवाली सांगत सुटली. एक काळा कडा आहे, त्याला खाली भोक आहे, लाट आत शिरली की वरून फवारा उडतो, किटलीतून वाफ यावी तसा. एक पांढऱ्या गोट्यांचा किनारा आहे, लाट मागे गेली की सगळे गोटे एकमेकांवर घरंगळतात आणि टाळ्या वाजल्यासारखं वाटतं.

"तुम्हाला माहीतच असेल, आजी. तुम्ही इथल्याच ना?"

मी बटाट्याचं साल काढत राहिले.

थोरल्या, मी ह्या बेटावर जन्मले. इथेच लग्न झालं, इथेच तू झालास. आणि मला ते भोक माहीत नाही, त्या टाळ्या माहीत नाहीत. मला नदी माहीत आहे. हॉस्पिटलच्या चादरी होडीत घालायच्या, वर तळ्यापाशी नेऊन गोड्या पाण्यात धुवायच्या, वाळवायच्या, परत आणायच्या. आख्खं आयुष्य वर आणि खाली, तुझ्या लिफ्टसारखं. नदीच्या तोंडाबाहेर मी कधी गेलेच नाही. तुझे बाबा जायचे, सगळीकडे जायचे. आल्यावर मी विचारायची, काय दिसलं हो? तर म्हणायचे, मासे.

दातवाल्याने माझे दात बघितले. म्हणाला, आजी, तुमचे दात तुमच्यापेक्षा हट्टी आहेत. त्याला अजून माझी नीट ओळख झालेली नाही.

त्यांनी आपल्या अंगणात तंबू ठोकलाय. गुरुवारी ते नदीतून वर तळ्यावर जाणार आहेत. वाट विचारत होते, मी सांगणार आहे. काठावरून. तू उगीच कपाळाला आठ्या घालू नकोस. तुझी साखळी आहे तशी आहे, कुलूपही आहे. होडीत कोंबडी अंडी घालते, तेवढाच तिचा उपयोग चाललाय.

— आई

शुक्रवार, ६ मार्च

थोरल्या,

तुझा फोन आला तेव्हा मी घरात नव्हते हे खरं. बेकरीवालीने काय सांगितलं तेही मला कळलं, कारण तिने तुला सांगून झाल्यावर मलाही सांगितलं. मोठ्या मनाची बाई आहे.

झालं एवढंच की थोडा चिखल लागला.

आता पहिल्यापासून सांगते. लाल शेंगेतली पुढची जागा रिकामी होती. काठावरून वाट सांगायची तर काठाने चालायला हवं, आणि हॉस्पिटलच्या मागे काठ सगळा काट्यांचा. माझं गुडघ्याचं तुला माहीत आहे. मग पायांना त्रास नको म्हणून मी बसले. ह्यात माझ्या तब्येतीचाच विचार होता.

त्यांनी मला जाकीट घातलं, नारिंगी, पुढून तीन बकलं. आरशात बघितलं तर मी गॅसच्या सिलेंडरसारखी दिसत होते. मी ऐटीत पाय टाकला, बसले, वल्हं मागितलं. तर बसवाली म्हणाली,

"आजी, उलट्या बसलात."

म्हटलं, उलटी कशी? बरोबर तर बसले! होडीत वल्हवणारा मागेच तोंड करून बसतो. पाठ पुढे, तोंड मागे. जन्मभर तशीच बसत आले. दातवाला माझ्यासमोर बसलेला, आम्ही दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघतोय, जसे काही लग्न ठरवायला बसलोय.

बसवाली म्हणाली, "माझ्या बसमध्ये असं तोंड करून बसणाऱ्यांना उलटी होते. फिरा."

फिरले. आणि थोरल्या, काय सांगू. पुढे बघत पुढे जायचं! वळण येतं ते आधी दिसतं. बगळा उडण्याआधी दिसतो, उडून गेल्यावर नाही. मी एवढी हरखले की वल्हं मारायचंच विसरले. दातवाला मागून एकटाच ओढत होता बिचारा. नदी अशी समोरून अंगावर येत होती, जशी माझ्यासाठीच कुणी उलगडतंय.

मग फाटा आला. मी म्हटलं, डावीकडे. डावीकडे गेलो. ती बाजू पुढे अरुंद झाली, मग अजून अरुंद, मग पाणीच संपलं. तेवढ्यात ओहोटी लागली होती, भरतीने दगाच दिला म्हणायचा. मागे वळेपर्यंत दोन्ही शेंगा चिखलात. उतरायला गेले तर पाय मांडीपर्यंत आत. मग बसून राहिलो, पाणी परत येईपर्यंत.

नेमका वर पूल. पुलावर आधी बेकरीवाली आली, मग शाळा सुटली, मग लाँचवालाही आला. त्याने वरून हाक मारली, "मावशी, हुक आणू का?" आणि सगळा पूल हसला. हिवाळ्यात धक्क्याशी मी जराशी भिजले होते त्यावरून हा विनोद. मी म्हटलं, "आण, आणि त्याला भजं लावून आण, भूक लागलीय." बेकरीवालीने वरून पाव टाकले. एक दातवाल्याच्या डोक्यावर पडला, दुसरा चिखलात, तिसरा मी झेलला. नेम चांगला आहे तिचा, ते कबूल करायला हवं.

तेव्हा "आई चिखलात बुडाली" असं जे तुला कळलं ते चूक आहे. चिखलात कुणी बुडत नाही, रुततं.

रात्री अंग ठणकलं. पण छान ठणकलं.

— आई

बुधवार, ११ मार्च

थोरल्या,

तुझं पत्र मिळालं. पाकीट एवढं मोठं आणि आत तीन ओळी. रविवारी येतोय. सामान बांधून ठेव. होडीला गिऱ्हाईक बघितलंय. खाली सही अशी केलीस जशी काही लिफ्टच्या तपासणीच्या कागदावर करतोस.

आणि फोनवर म्हणालास ते मी विसरले नाही. "आई, पोहता येणं वेगळं. तू पडलीस तर तुला परत चढता येत नाही. ज्याला परत चढता येत नाही त्याने पाण्यावर जायचं नाही. संपलं."

मी तुझ्या ह्या बोलण्यावर पुष्कळ विचार केला. आणि मला ते पटलं. खरंच पटलं. हिवाळ्यात मी जराशी भिजले नव्हते, गळ्यापर्यंत होते, होडीची कड हातात आणि वर काही येता येईना. आपल्याच होडीला लोंबकळत होते, आणि लाँचवाल्याने हुक घालून कॉलरला धरून मला ओढलं, ओल्या चादरीसारखं. त्या दिवसाचं मला आठवतं ते पाणी नाही, तो हुक आठवतो. तेव्हा तू म्हणतोस ते बरोबर. फक्त पुढचं बरोबर नाही. चढता येत नाही, तर शिकायचं. सामान कशाला बांधायचं?

आता गुरुवारचंही खरं सांगते. भरतीने दगा दिला नाही. भरती बिचारी वेळेवर होती. वाट मी चुकवली.

कशी चुकवली, मला दोन दिवस कळेना. ज्या नदीवर केस पिकले त्या नदीचा फाटा मला ओळखू येऊ नये? मी चादरी घडी घालताना विचार करते तसा विचार करत बसले, आणि एकदम लख्ख कळलं. वर जाताना मी वल्हवायचे, म्हणजे पाठ तळ्याकडे, तोंड समुद्राकडे. खाली येताना काय करायचे? होडी प्रवाहावर सोडायची, फिरून बसायचं, एक वल्हं सुकाणूसारखं धरायचं. म्हणजे तेव्हाही तोंड समुद्राकडेच! जाताना समुद्राकडे, येताना समुद्राकडे. त्या नदीचं वरचं तोंड मी कधी बघितलंच नाही रे. एकाच घरात राहून सासऱ्यांची नुसती पाठ बघावी तसं. माझ्या सगळ्या खुणा पाठीमागच्या आहेत. ते वाकडं झाड, ती भिंत पडलेली विहीर, सगळं मागे पडताना माहीत, समोरून येताना परकं.

बसवालीला सांगितलं. मला वाटलं हसेल. ती म्हणाली, "आजी, माझ्या रूटवरून मला उलटी बस चालवायला सांगा, मी पोलीस चौकीत नेऊन घालीन."

मग काय, शनिवारी परत गेलो. ह्या वेळी भरतीच्या सुरुवातीलाच. फाटा आला की मी कमरेतून वळून मागे बघायची. मागे वाकडं झाड डाव्या हाताला दिसलं, म्हणजे आलो ते बरोबर, आता उजवीकडे. असं वळून वळून मागे बघत आम्ही पुढे गेलो. दातवाला म्हणाला, आजी, तुमच्या मानेला वेगळा डॉक्टर लागेल. पण पोचलो.

तळं बघितलं, थोरल्या. समोरून. नदी शेवटचं वळण घेते आणि एकदम सगळं मोठं होतं, आणि आभाळ खाली उतरून येतं. एवढी वर्षं मी तळ्यात पाठीने शिरत होते. काठावरचे आपले धुण्याचे दगड अजून तसेच आहेत, मधे जरा खोलगट झालेले. ते आम्हीच केलेत, आपटून आपटून. मी बसवालीला दाखवलं, हा माझा दगड. ती त्यावर बसली आणि म्हणाली, मापाचा आहे.

मग तिथेच, छातीएवढ्या पाण्यात, शिकवणी सुरू झाली. मी सांगते कसं ते, म्हणजे रविवारी तुला माझी चूक काढता येणार नाही. शेंग उलटली की आधी तोंड वर, मग हात शेंगेवर. शेंग सरळ करायची. वल्ह्याच्या एका पात्याला फुगवायची पिशवी चढवायची, वल्हं मागच्या बाजूला आडवं टाकायचं, म्हणजे ते बाहेर काढलेल्या हातासारखं आधार देतं. वल्ह्याला पट्ट्याचा फास, त्यात पाय, पायरीसारखा. उभं राहायचं, पोट शेंगेवर टाकायचं, मग हळूच फिरून आत.

सांगायला सोपं आहे. पहिल्यांदा मी पोट टाकलं आणि पलीकडून खाली गेले. दुसऱ्यांदाही पलीकडून. तिसऱ्यांदा फास निसटला आणि मी एवढं पाणी प्याले की दातवाला म्हणाला, आता तळं बघायला पुढच्या वर्षी यावं लागेल, ते परत भरल्यावर. मी त्याच्यावर पाणी उडवलं. बसवाली तेवढी गंभीर. ती हातभर अंतरावर थांबते, पण हात लावत नाही. मी तिला म्हटलं, जरा धक्का दे ना गं. ती म्हणाली, "मी दिला तर तुम्ही चढाल. मी नसले तर?"

मला तिचा राग आला. मग आवडली.

सोमवारी नाही जमलं. मंगळवारी, म्हणजे काल, जमलं. पोट शेंगेवर पडलं आणि शेंग हलली नाही. मी तशीच पालथी पडून राहिले, गाल त्या पिवळ्या प्लास्टिकवर, नाकाशी पाणी. ती ओरडली, "आजी, झोपू नका!" मी म्हटलं, "थांब गं, बघतेय." काय बघत होते? काही नाही, पाणी. पण वरून.

खांदा दुखत नाही. फार नाही.

तेव्हा आता माझं ऐक. रविवारी ये. सकाळच्या लाँचने ये, म्हणजे पाणी भरलेलं असेल. मी धक्क्यावर हात जोडून उभी नसेन. मी पाण्यात असेन. मी तुझ्यासमोर पडेन आणि तुझ्यासमोर चढेन. नाही चढले तर तुझ्याबरोबर येते, आठव्या मजल्यावर, त्या खिडकीच्या खोलीत, एक शब्द बोलणार नाही. बरं, थोडं बोलेन. पण चढले तर होडी माझी, घर माझं, आणि मी ह्या दोघांबरोबर बेटाला फेरी मारणार. ज्याच्यावर जन्म काढला ते बाहेरून कसं दिसतं ते बघणार.

सुनेला सांग, खिडकीला पडदा शिवू नको म्हणावं इतक्यात. आणि नातीला हे पत्र वाचून दाखव. पाव झेलल्याचंही दाखव, मागचं पत्र काढून.

— आई

सोमवार, १६ मार्च

थोरल्या,

तू काल काही बोलला नाहीस, म्हणून मी लिहितेय. घरी सुखरूप पोचलास हे बेकरीवालीकडून कळलं. दातवाल्याची पँट तुला आखूड झाली, पण रंग शोभला.

मला वाटलं होतं तू येणारच नाहीस. मग लाँचच्या टोकावर तुला बघितलं, हातात ती मोठी सुटकेस. उचलण्यावरूनच कळलं की ती रिकामी आहे. रिकामी सुटकेस घेऊन आईकडे येणारा मुलगा मी पहिल्यांदा बघितला. एरवी तू भरलेली आणायचास आणि धुणं टाकून जायचास.

लाँचवाला म्हणाला, "मावशी, पाहुणे आणलेत." तू त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. धक्क्यावरून म्हणालास, "आई, बाहेर ये."

मी म्हटलं, "आत्ताच तर बसलेय."

"लोक बघतायत."

"बघू देत की. पुलावरून बघितलं, आता जवळून बघतील."

तुझी मान लाल झाली होती. लहानपणी व्हायची तशी. आणि मला वाटलं, अजून दोन शब्द बोललो तर मी बाहेर येईन. म्हणून मी कलले.

पाणी गार होतं. नदीच्या तोंडाशी ते तळ्यापेक्षा किती गार असतं हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. छाती आवळली. एक क्षण मला वर कुठे आणि खाली कुठे ते कळलं नाही, आणि मी घाबरले. हे मी फक्त तुला लिहितेय, बसवालीलाही सांगितलेलं नाही. मग जाकिटाने मला वर उचललं. हाताला शेंग लागली. मी वल्हं ओढलं, पिशवी फुगवायला तोंडाला लावली, आणि तेवढ्यात शेजारी असं काही धाडकन पडलं की मला वाटलं धक्क्याचा तुकडा निखळला.

तू होतास. बुटांसकट.

बसवालीने तुला अडवायला हात केला होता म्हणे, तू तो झटकलास. पाण्यात येऊन तू माझी कॉलर धरलीस, हुकाने धरली होती बरोबर तिथेच. मी म्हटलं, सोड. तू म्हणालास, "पुरे झाला मूर्खपणा, आई. चल." मी म्हटलं, "सोड रे. मला चढायचंय."

तुझे दात वाजत होते. माझे नाही, माझे हट्टी आहेत. तुझ्या तोंडाकडे बघितलं तर तू रागावलेला नव्हतासच. तू भ्यालेला होतास. किती दिवस भीत होतास रे? आणि मी आपली समजत होते तुझं डोकं फिरलंय.

"थोरल्या," मी म्हटलं, "तू धरलंस तर मला कळणार कसं?"

मग तू सोडलंस.

पहिल्या खेपेला मी घसरले. पाय फासातून सुटला. तुझा हात पुढे आला, मी बघितला. पाण्यावर आला, माझ्या दंडापाशी थांबला, आणि तू तो परत पाण्याखाली घेतलास. मी चढले त्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या, बेकरीवालीने तर शिट्टी मारली, तिला येते हे मला आजवर माहीत नव्हतं. पण तुझ्या त्या हाताला कुणी टाळी वाजवली नाही. म्हणून मी इथे लिहून ठेवते. मला वाटतं, ते चढण्यापेक्षा अवघड होतं.

दुसऱ्या खेपेला चढले. बघितलंसच तू. जरा वाकडी चढले, एक पाय बराच वेळ बाहेर राहिला, पण चढले. कुणी हात लावला नाही, हुक लावला नाही, तू लावला नाहीस. बसले, केस मागे केले, आणि तू छातीपर्यंत पाण्यात उभा, खिशातला फोन कानाशी हलवून बघतोयस.

मग घरात तू चुलीशी बसलास, माझी गोधडी पांघरून. मी चहा दिला. तू पेला घेताना विचारलंस, "खांदा दुखतोय ना?"

मी म्हटलं, "दुखतोय."

तेवढंच आपलं बोलणं झालं. दुपारच्या लाँचने तू गेलास. सुटकेस तशीच रिकामी. जा म्हणाला नाहीस, जाऊ नकोस म्हणाला नाहीस. आता लाँचवाला धक्क्यावर सांगत फिरतोय की मुलाने मावशीला परवानगी दिली. मी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. म्हटलं, परवानगी मागितली कुणी होती?

तुलाही तेच लिहिते, म्हणजे घोळ नको. तू न बोलून गेलास त्याचा मी मला हवा तो अर्थ लावलेला नाही. तुला अजून भीती वाटते, वाटू दे. मला रविवारपासून थोडी कमी वाटते. पण आपलं ठरलं होतं, आणि मी चढले. तेव्हा मी जाणार. आधी दक्षिणेची बाजू, तिकडे वारा कमी असतो. रोज थोडं थोडं. समुद्रावरून वारा असला तर निघायचं नाही, ते बसवाली ठरवणार, तिचा शब्द मी मोडणार नाही. तुझा मोडेन, तिचा नाही, कारण ती मला हात देत नाही. खांद्याला दातवाल्याने चोळायला काहीतरी दिलंय, दातांचं आहे की खांद्याचं देव जाणे, वास बरा आहे.

होडीच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. दुसरी बघ म्हणावं, हिच्यात अंडी उबतायत.

नातीला विचार, तिला शाळेला सुट्टी कधी. एवढंच विचार, बाकी काही नको. लाल शेंगेत जागा दोनच आहेत हे मला माहीत आहे. मी काही सुचवत नाहीये.

ती दोघं काल संध्याकाळच्या लाँचने गेली. तिला आज सकाळी बस काढायची होती, आणि त्याच्याकडे कुणाची तरी अक्कलदाढ थांबली होती. शेंगा इथेच ठेवून गेलेत, अंगणात पालथ्या घालून, वर ताडपत्री. शनिवारी, अठ्ठावीस तारखेला, सकाळच्या लाँचने परत येतो म्हणालेत.

— आई